घरटे मोडल्यावर आई: उंदरांच्या पिल्लांवरील संशोधन ताणाविषयी काय सांगते

निफाड तालुक्यात आमच्या नात्यातल्या एकांची कांदा चाळ आहे. उन्हाळ कांद्याचा शेवटचा ढीग उपसत असताना तळाशी, बांबूच्या पट्ट्यांच्या फटीत, उंदराचे घरटे सापडले. गोणपाटाचे कुरतडलेले धागे, कांद्याची वाळलेली साले आणि वर्तमानपत्राचे कपटे यांचा तो वाटीएवढा गोळा होता. त्यात लालसर, बिनकेसांची, डोळे मिटलेली सात पिल्ले होती. आई पळाली, पण आम्ही चार पावले मागे सरून थांबलो तेव्हा काही मिनिटांत परत आली. तिने एक पिल्लू तोंडात धरून फळीमागे नेले, मग दुसरे नेले, तिसरे मात्र वाटेतच टाकले. परत येताना ती त्याच्याच अंगावरून गेली, घरट्याच्या उरल्यासुरल्या धाग्यांपाशी घुटमळली, एका पिल्लाला दोनदा चाटून पुन्हा बाहेर पळाली. शेजारी उभा असलेला गडी म्हणाला, "घरच मोडलं, ती तरी काय करणार." शेतकऱ्याला त्या कुटुंबाविषयी कणव वाटावी असे काही कारण नव्हते आणि पुढे जे व्हायचे ते झाले. परंतु त्या पाचसात मिनिटांत मी जे पाहिले, जवळजवळ तेच दृश्य जगातल्या अनेक प्रयोगशाळांत गेली काही दशके मुद्दाम घडवून आणले जाते आणि त्याची बारकाईने नोंद ठेवली जाते. लहानपणी वाट्याला आलेली प्रतिकूलता आयुष्यभराच्या ताणात कशी उतरते, हा त्या संशोधनाचा प्रश्न आहे. पिल्लापर्यंत पोहोचणारी प्रतिकूलता बहुधा आधी आईच्या वागण्यातून जाते, हे त्या उत्तरातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे सूत्र आहे.

आधी एक भाषिक अडचण सांगितली पाहिजे. इंग्रजीत ज्यांना रॅट आणि माऊस म्हणतात, त्या दोन वेगळ्या जातींना आपण सरसकट उंदीरच म्हणतो. पुढे आलेले बहुतेक प्रयोग रॅट म्हणजे मोठ्या उंदरांवरचे आहेत. उंदीरच का निवडले, याचे उत्तर साधे आहे. गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा आणि दूध तुटण्याचे वयही सुमारे तीन आठवड्यांचेच असल्यामुळे आजी, आई आणि नात या तिन्ही पिढ्या एकाच संशोधकाला वर्षभरात पाहता येतात. शिवाय एका आईची पिल्ले जन्मताच दुसरीकडे देऊन जन्माचा वाटा किती आणि संगोपनाचा किती, हे निवडून पाहता येते, जे माणसांत करणे अशक्य आहे.

ताण म्हणजे शरीरात नेमके काय घडते, हे समजण्यासाठी नाशिककरांना फार दूर जावे लागणार नाही. धोका जाणवला की मेंदूतील हायपोथॅलॅमस हा भाग एक रासायनिक संदेश सोडतो, तो पीयूषिका ग्रंथीला मिळतो, ती रक्तात दुसरा संदेश सोडते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी त्यानुसार ताणाचे संप्रेरक सोडतात. माणसात ते मुख्यतः कॉर्टिसॉल असते, उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन. हे संप्रेरक साठवलेली ऊर्जा मोकळी करते आणि संकटात उपयोगी पडते. ते वेळेवर थांबले नाही तर मात्र तेच नुकसान करू लागते. म्हणून ते थांबवण्याची सोय शरीरातच आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडले की आपण किती क्युसेक हे विचारण्याआधी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले, हे विचारतो. अशी कल्पना करा की मारुतीपाशी काही राखणदार बसवले आहेत आणि पाणी वाढताच त्यांनी धरणावर फोन करून विसर्ग कमी करायला सांगायचे आहे. राखणदार भरपूर असतील तर पाणी मारुतीच्या घोट्याला लागताच फोन जाईल. दोघेच असतील आणि तेही पेंगत असतील तर पाणी कमरेवर येईपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही. मेंदूतील हिप्पोकॅम्पस या भागात असे राखणदार असतात. ते म्हणजे पेशींमधले ग्राही रेणू, जे रक्तातून आलेल्या संप्रेरकाला धरतात आणि त्यातून पुढे हायपोथॅलॅमसला "पुरे" असा निरोप जातो. ग्राही जितके जास्त, तितका ताण लवकर ओसरतो. या राखणदारांची संख्या जन्मतः ठरलेली नसते आणि ती ठरण्याच्या काळात आईचा मोठा हात असतो, हे पुढच्या सगळ्या गोष्टीचे मूळ आहे.

उंदराचे पिल्लू जन्मते तेव्हा त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही आणि स्वतःचे अंग ऊबदार ठेवताही येत नाही. आईने शेपटीखालचा भाग चाटल्याशिवाय त्याला लघवीसुद्धा होत नाही. त्यामुळे आपल्याला माया वाटते ते चाटणे तिथे आधी निव्वळ गरज असते. वयाच्या साधारण चौथ्या ते चौदाव्या दिवसापर्यंत या पिल्लांची ताणयंत्रणा जणू झोपवून ठेवलेली असते; मोठ्या उंदराचे कॉर्टिकोस्टेरॉन ज्या प्रसंगात उसळेल, त्यात पिल्लाचे फारसे हलत नाही. वाढत्या मेंदूला या संप्रेरकापासून दूर ठेवण्याची ही व्यवस्था आईच्या अस्तित्वावर टिकून असते. आई बराच काळ नसली की झोपवलेली यंत्रणा अवेळी जागी होते आणि वाढीसाठी लागणारी संप्रेरकेही घटतात. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात सॉल शॅनबर्ग यांच्या गटाने आईपासून दूर ठेवलेल्या पिल्लांच्या अंगावरून ओलसर ब्रश जोरकसपणे, आईच्या जिभेसारखा फिरवला, तेव्हा ही घट बरीचशी भरून निघाली. केवळ ऊब किंवा दूध देऊन ते साधत नव्हते. पुढे त्याच धाग्यावरून अकाली जन्मलेल्या बाळांना मालिश करण्याचे प्रयोग झाले. आपल्याकडे बाळंतिणीच्या घरी सकाळी येऊन पायांवर बाळ घेणाऱ्या आजीबाईंना त्यात काही नवल वाटले नसते.

या विषयाची सुरुवात एका फसलेल्या अपेक्षेतून झाली. १९५० च्या दशकात सेमूर लेव्हीन यांनी पिल्लांचे तीन गट केले. एका गटाला रोज सौम्य विजेचे झटके दिले, दुसऱ्याला घरट्यातून उचलून तेवढाच वेळ बाहेर ठेवून परत सोडले आणि तिसऱ्याला हातही लावला नाही. झटके मिळालेली पिल्ले मोठेपणी बिघडलेली निघतील, असा अंदाज होता. प्रत्यक्षात विचित्र वागली ती हात न लावलेली पिल्ले. नव्या मोकळ्या जागेत ती कोपऱ्यात दबून बसत, तर रोज उचललेली पिल्ले धीट निघाली आणि त्यांचा ताणही लवकर ओसरत असे. १९५७ मध्ये त्यांचा निबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला. थोडा त्रास पिल्लाला कणखर करतो, असा अर्थ तेव्हा अनेकांनी काढला, आणि लहानपणी चार टपला खाल्ल्याने माणूस घडतो असे मानणाऱ्यांना तो अर्थ आजही आवडतो. मात्र त्या प्रयोगात कोणी नीट न पाहिलेला एक घटक होता, तो म्हणजे पिल्लू परत मिळाल्यावर आई काय करते.

कॅनडात माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमके तेच पाहिले. पंधरा मिनिटांनी परत आलेल्या पिल्लाला आई एरवीपेक्षा जास्त चाटते. म्हणजे पिल्लाला फायदा होतो तो त्रासाचा नसून त्या त्रासानंतर मिळणाऱ्या जादा संगोपनाचा असतो. मग त्यांनी पिल्लांना हात न लावता केवळ आयांचे निरीक्षण सुरू केले. पिल्ले जन्मल्यापासूनच्या पहिल्या आठवड्यात, दिवसातून अनेकदा, दर काही मिनिटांनी एकेक नोंद: आई चाटते आहे का, पाठीची कमान करून पाजते आहे की नुसती आडवी पडली आहे, की घरट्याबाहेर आहे. या कंटाळवाण्या कामातून दिसले की कोणी न छेडलेल्या आयांमध्येही काही मुळातच खूप चाटतात आणि काही कमी. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार खूप चाटणाऱ्या आयांच्या पिल्लांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये मोठेपणी ग्राही अधिक होते आणि कोंडून ठेवण्यासारख्या प्रसंगात त्यांचे कॉर्टिकोस्टेरॉन कमी चढत होते.

यावर सरळ शंका अशी की ही खाण तशी माती असेल. शांत आईची पिल्ले रक्तानेच शांत असतील. म्हणून जन्मानंतर काही तासांतच पिल्लांची अदलाबदल करण्यात आली. कमी चाटणाऱ्या आईची पिल्ले खूप चाटणारीच्या कुशीत वाढली तेव्हा ती सांभाळणाऱ्या आईसारखी निघाली. माय मरो पण मावशी जगो, ही म्हण इतक्या अक्षरशः खरी ठरेल असे मला वाटले नव्हते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, १९९९ मधील निबंधानुसार, अशा रीतीने वाढलेल्या माद्या स्वतः आई झाल्यावर खूप चाटणाऱ्या झाल्या. आईपण एका पिढीकडून दुसरीकडे जात होते आणि त्यासाठी जनुकांतली अक्षरे बदलावी लागत नव्हती.

मग काय बदलत होते? जनुक म्हणजे पोथी समजली, तर त्यातला मजकूर तोच राहतो, पण काही पाने दोऱ्याने बांधून ठेवता येतात आणि बांधलेले पान वाचले जात नाही. हा दोरा म्हणजे मिथाइल गट नावाचा छोटा रासायनिक तुकडा. इयान विव्हर, मीनी, मोशे झिफ आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये दाखवले की जन्मानंतर एका दिवसाने दोन्ही प्रकारच्या आयांच्या पिल्लांत या ग्राहीच्या जनुकाच्या आरंभाजवळची एक विशिष्ट जागा सारखीच बांधलेली असते. खूप चाटणाऱ्या आईच्या पिल्लांत पहिल्या आठवड्यातच हा दोरा सुटतो, दुसऱ्या गटात तो तसाच राहतो आणि हा फरक मोठेपणीही टिकतो. चाटण्याच्या स्पर्शाने पिल्लाच्या मेंदूत सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन वाढते, त्यामुळे एक प्रथिन त्या जागी येऊन बसते आणि दोरा सैल होतो, अशी साखळी त्यांनी मांडली. मोठ्या उंदरांच्या मेंदूत थेट एक औषध सोडून हा दोरा सोडवता आला, तेव्हा त्यांचा ताणप्रतिसादही बदलला. "आईच्या स्पर्शाने जनुके बदलतात" अशा मथळ्यांचा उगम इथे आहे; मथळा चुकीचा आहे, कारण जनुक बदलत नाही, ते किती वाचले जाते हे बदलते. आणि ताणासारखी व्यापक गोष्ट एकाच जनुकाच्या एका जागेवर टांगणे हेही माझ्या मते त्या निबंधाला पेलण्यापेक्षा जास्त ओझे देणे आहे. पुढच्या काळात मेंदूचे इतर भाग आणि इतर जनुके यांतही असे फरक सापडले.

इथपर्यंतच्या गोष्टीत "चांगली आई, वाईट आई" अशी विभागणी डोकावू लागते, आणि ती फसवी आहे. फ्रान्सिस शॅम्पेन आणि मीनी यांनी मुळातच खूप चाटणाऱ्या माद्यांना गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यात रोज काही वेळ अरुंद नळीत कोंडले. पिल्ले झाल्यावर त्याच माद्या कमी चाटू लागल्या, आणि पुढच्या वेतात असा ताण दिलेला नसतानाही त्यांचे चाटणे कमीच राहिले. स्वभावाने उत्तम आईसुद्धा परिस्थितीने बदलली आणि तो बदल तिच्या अंगात मुरला.

प्रतिकूलतेचा अभ्यास करण्याची जुनी पद्धत म्हणजे दोन आठवडे रोज तीन तास पिल्लांना आईपासून दूर ठेवणे. तिचे निकाल प्रयोगशाळेगणिक बदलतात, कारण परत आल्यावर काही आया जादा चाटून भरपाई करतात आणि काही करत नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील ताली बारम या बालमेंदूतज्ज्ञ आहेत. त्यांच्या गटाने रूढ केलेली पद्धत मला कांदा चाळीतल्या प्रसंगाशी थेट जुळणारी वाटते. त्यात आईला कोणी उचलत नाही. पिल्ले दोन दिवसांची झाली की पिंजऱ्याच्या तळावर किंचित उंच जाळी बसवतात आणि घरट्यासाठी भरपूर भुशाऐवजी कागदी रुमालाचा एक तुकडा देतात. नवव्या दिवशी सगळे पूर्ववत करतात. आठवडाभराची ही गरिबी. आईला खायला-प्यायला भरपूर असते, पिल्लेही तिच्याजवळच असतात, पण घरटे काही केल्या जमत नाही. ती सतत आत-बाहेर करते, अर्धवट पाजून उठते, एकाला चाटता चाटता दुसऱ्याकडे वळते, तेही सोडून पुन्हा कागद ओढू लागते.

अशा अनेक प्रयोगांत एकूण चाटण्याचा आणि पाजण्याचा वेळ मोजला तर तो सुखवस्तू पिंजऱ्यातल्या आईपेक्षा फारसा कमी भरत नाही. कमी होते ती सुसंगती. म्हणून या गटाने आईच्या कृतींचा क्रम गणिताने मोजला: आत्ता ती चाटते आहे, तर यानंतर ती काय करील हे किती खात्रीने सांगता येते? तुटपुंज्या घरट्यातल्या आईबाबत ती खात्री कमी होती. पिल्लांच्या बाजूने परिणाम असे की नवव्या दिवशी त्यांच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन वाढलेले आढळले. तरुणपणी ती बरी दिसली, पण मध्यम वयात त्यांची स्मरणशक्ती इतरांपेक्षा लवकर ढासळली. साखरेच्या पाण्यासारख्या सुखदायक गोष्टींतला रसही, विशेषतः नरांत, कमी झालेला दिसला. माया किती, एवढेच विचारून भागत नाही. ती कशी, कोणत्या क्रमाने आणि किती भरवशाने मिळते हेही वाढत्या मेंदूला कळत असते. हा शोध मला संपूर्ण विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो.

घरट्याची टंचाई आणखी वाढवली आणि आईला अनोळखी जागी ठेवले, तर काही आया पिल्लांना तुडवतात, फरफटवतात, पाडतात. टानिया रॉथ आणि डेव्हिड स्वेट यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले की अशा आईकडे पहिल्या आठवड्यात रोज अर्धा तास ठेवलेल्या पिल्लांच्या मेंदूच्या पुढच्या भागात, चेतापेशींच्या वाढीला लागणाऱ्या एका प्रथिनाचे जनुक मोठेपणी अधिक बांधलेले असते. आणि त्या पिल्लांपैकी माद्या आई झाल्या तेव्हा त्यांच्याही वागण्यात तो आडदांडपणा उतरला. इथे वाचकाच्या मनात प्रश्न येतो की तुडवणाऱ्या आईपासून पिल्लू पळत का नाही. रेजिना सलिव्हन यांच्या प्रयोगांत त्याचे उत्तर आहे. दहा दिवसांहून लहान पिल्लाला एखादा वास आणि सौम्य झटका एकत्र दिला, तर ते त्या वासाला घाबरायला शिकत नाही, उलट त्याच्याकडे ओढले जाते. भीती शिकवणारा मेंदूचा भाग त्या वयात, कॉर्टिकोस्टेरॉन कमी असल्यामुळे, कामाला लागलेला नसतो. आंधळ्या पिल्लाला आईवाचून जगताच येत नाही, तेव्हा तिचा वास कसाही वाट्याला आला तरी त्याला चिकटून राहणे हाच त्याच्यासाठी हिशेबाचा सौदा असतो.

कमी माया मिळालेले पिल्लू म्हणजे बिघडलेले पिल्लू, असेही म्हणता येत नाही. शांत वातावरणात कमी चाटलेली पिल्ले शिकण्यात मागे पडतात; मात्र त्यांच्या हिप्पोकॅम्पसच्या तुकड्यांना ताणाच्या संप्रेरकात ठेवून तपासले, तेव्हा चेतापेशींमधले दुवे बळकट होण्याची क्षमता त्यांच्यातच अधिक दिसली. जिथे मांजर रोज येते त्या गोदामात जन्मलेल्या उंदराला दचकून पळणे परवडते, निवांत राहणे नाही. आईचे वागणे पिल्लाला बाहेरच्या जगाचा अंदाज देते. अंदाज आणि प्रत्यक्ष जग जुळले नाही की अडचण सुरू होते.

आता माणसांकडे. २००९ मध्ये मॅकगिलच्याच गटाने, आत्महत्या केलेल्या आणि बालपणी छळ सोसलेल्या व्यक्तींच्या मेंदूंत ताणग्राहीच्या जनुकावर उंदरांतल्यासारखाच फरक आढळल्याचे सांगितले. तपासलेले मेंदू अवघे छत्तीस होते, हे लक्षात ठेवायला हवे. २०१७ मध्ये बारम आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातील माता आणि त्यांची वर्षभराची बाळे खेळताना पाहून, आईच्या हाका, स्पर्श आणि खेळणी दाखवणे यांचा क्रम उंदरांसारखाच मोजला. ज्यांच्या आयांचा क्रम अधिक अनिश्चित होता, ती मुले दोन वर्षांची असताना आकलनाच्या आणि साडेसहा वर्षांची असताना स्मरणाच्या चाचणीत काहीशी मागे होती. द्राक्षाच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून दिंडोरी-निफाडच्या बागांत येणाऱ्या मजूर बायांची बाळे बांधावरच्या झोळीत असतात आणि विरळणीतून मिळेल त्या सवडीने आई येऊन पाजून जाते. हे दृश्य पाहिले की बारमबाईंचा जाळीचा पिंजरा आठवल्यावाचून राहत नाही. तरीही पिंजऱ्यातून थेट झोळीत उडी मारता येत नाही. उंदराच्या पिल्लाला एकटी आई असते, कारण या पिंजऱ्यांत बाप ठेवलेलाच नसतो. झोळीला झोका द्यायला मोठी बहीण असते, आजी असते, शेजारच्या ओळीतली काकू असते. माणसाचे बालपण तीन आठवड्यांचे नसून वर्षानुवर्षांचे असते. या प्रयोगांवरून एखाद्या आईचे गुण काढणे अशास्त्रीय तर आहेच, पण प्रयोगांच्या उलटेही आहे, कारण तिथे दोष आईत नव्हता, जाळीत होता.

हे परिणाम पुसता येतात का, याचा शोध डार्लीन फ्रान्सिस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये घेतला. लहानपणी रोज तीन तास आईपासून दूर ठेवलेली पिल्ले, दूध तुटल्यावर वयात येण्याच्या काळात, त्यांनी मोठ्या पिंजऱ्यात ठेवली. तिथे सोबती होते, बोगदे होते, पालटणारी खेळणी होती. मोठेपणी या उंदरांचा ताणप्रतिसाद आणि भित्रेपणा सामान्य उंदरांइतकाच निघाला. मात्र मेंदू तपासला तेव्हा, ताणाचा पहिला संदेश तयार करणाऱ्या जनुकाची वाढलेली हालचाल होती तशीच होती. जुनी खूण गेली नव्हती. मेंदूने तिला वळसा घालणारी दुसरी वाट काढली होती.